न्हाणीघराचा झरोका

आमच्या बसवनगुडीच्या भाड्याच्या घरात न्हाणीघर होतं, पण त्याला खिडकी नव्हती. वडील सरकारी कारखान्यात इंजिनिअर, नोकरीसाठी साताऱ्याहून कानडी मुलखात आलेले. आईचं माहेर बेळगावचं, त्यामुळे घरमालकांपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांशी कानडीत बोलायचं काम तिचं.

सकाळी बंब पेटला की पहिल्याच आंघोळीला भिंतींवरून पाणी ओघळायला लागे. पावसाळ्यात चुन्यावर काळे ठिपके उमटले, दार फुगून अडकायला लागलं आणि पंचे वाळण्याआधीच कुबट झाले. आईने नियम केला, आंघोळ झाली की ज्याने त्याने खराट्याने फरशीवरचं पाणी ओढायचं, जुन्या धोतराने भिंत पुसायची आणि दार सताड उघडं ठेवायचं. वडिलांना हे बायकी उपाय वाटले. त्यांनी कोपऱ्यात परातभर कळीचा चुना आणून ठेवला. तो हवेतली ओल शोषतो म्हणाले. शोषत असेलही. पण तिसऱ्या दिवशी माझा तांब्या त्यात कलंडला आणि परात अशी फसफसून उकळायला लागली, की मी साबणासकट अंगणात पळालो.

मग वडिलांनी नकाशा काढला. दार खालून दोन बोटं तासायचं, म्हणजे गार हवा आत येईल, आणि छताजवळ भिंतीला झरोका पाडायचा, म्हणजे वाफ वरून निघून जाईल. बाहेरची भिंत एकच, आणि ती घरमालकांच्या परसाकडची. मालक म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले कानडीचे मास्तर. आम्ही मुलं त्यांना अज्जा म्हणायचो. रोज सकाळी ते त्याच भिंतीपाशी खुर्ची टाकून कॉफी प्यायचे. आईने विचारल्यावर त्यांनी लगेच परवानगी दिली. गवंड्याने अर्ध्या दिवसात काम उरकलं.

दुसऱ्या दिवशी वडील आंघोळीला गेले. बंद दाराआड ते कारखान्यात बोलायची कानडी वाक्यं घोकत, हे आम्हाला घरात ठाऊक होतं. त्यांनी अंगावर पाणी घेतलं आणि मोठ्याने म्हणाले, "नाळे बेग बा." म्हणजे उद्या लवकर ये.

वरून, झरोक्यातून, शांत आवाज आला, "बा अल्ल. बन्नि."

आईने स्वयंपाकघरातूनच मला समजावलं की मोठ्या माणसाला 'बा' म्हणत नाहीत, 'बन्नि' म्हणतात, म्हणजे या. तेव्हा कळलं, वडील दोन वर्षं कारखान्यातल्या पांढऱ्या मिशांच्या मिस्त्रींना अरेतुरे करत होते.

बऱ्याच वेळाने आतून बारीक आवाजात आलं, "बन्नि."

"सरी," अज्जा म्हणाले. "मुंदे."

बरोबर, पुढे म्हणा, असं ते सांगत होते, आणि वडील खरंच पुढे म्हणायला लागले. त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. महिन्याभरात भिंती कोरड्या पडल्या, दार अलगद लागायला लागलं. वडिलांची दहा मिनिटांची आंघोळ मात्र अर्ध्या तासावर गेली. कारखान्यातले लोक म्हणत, साहेब आता पुस्तकातली कानडी बोलतात.

शेवटी माझी शाळा चुकायला लागली, तेव्हा आई परसात गेली आणि अज्जांना हात जोडून म्हणाली की आता यांना बाहेर सोडा. अज्जांनी कप खाली ठेवला, वर झरोक्याकडे पाहिलं आणि सांगितलं, भूतकाळ चालू आहे, इन्नु स्वल्प, अजून थोडंच.