गोठ्याकडची बाजू

अखाजी चार दिवसांवर आली होती तेव्हा मी परसातल्या आंब्याला चुना लावला. मन लावून लावला. त्याचीच जास्त लाज वाटते.

आमच्याकडे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची नवी घागर भरून पुजतात. लेकी माहेरी येतात, झाडाला झोका बांधतात. माझी बायको पौषात गेली. तिच्या नावाची ही पहिलीच घागर. शिंदखेड्याहून लेक येणार, भाऊबंद येणार, आणि झाड बघावं तर खोडभर राखाडी, हिरवट चट्टे. माणसाच्या अंगावर नायटा उठतो तसे. मला वाटलं, लोक म्हणतील, घरातली बाई गेली आणि याचं झाडसुद्धा खरजुलं झालं.

म्हणून तारेच्या ब्रशने साल घासली. चट्टे काही सहज निघेनात, सालीला धरून बसलेले. मग विळ्याने खरवडले. खोडात मध्येच बारीक खिळे होते, त्यांना निळा दोरा गुंडाळलेला. कोणीतरी काहीतरी उतरवून ठोकलंय असं समजून पकडीने उपटले आणि उकिरड्यावर फेकले. मग चुन्यात मोरचूद कालवून दोन हात दिले, वर गेरूचा पट्टा ओढला. मागच्या बाजूला गोठ्याची भिंत आहे. भिंत आणि खोड यांत माणूस आडवा होऊनच शिरतो. माझी कंबर वाकत नाही. म्हटलं, तिकडून कोण बघायला जातंय. ती बाजू तशीच सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम आल्या.

या मॅडम धुळ्याच्या एका कॉलेजात शिकवतात. वयाने माझ्या लेकीपेक्षा लहान. आमचं गाव पिंपळनेरच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. होळी झाली की त्या वर्षातून एकदा आमच्या झाडापाशी यायच्या. भिंग, काचेसारखा प्लास्टिकचा कागद, त्यावर चौकोन आखलेले. यंदा त्यांना यायला उशीर झाला. आल्या त्या पाठीवरची पिशवी न उतरवता हाका मारत, "अक्का, ओ अक्का, आले की नाही यंदाही?"

मी ओट्यावर होतो. उठलो. त्यांना कोणी कळवलं नव्हतं. कळवायचं माझ्याही मनात आलं नव्हतं, कारण त्या कोण हेच मला धड माहीत नव्हतं. बायकोकडे येणारी एक बाई, एवढंच.

"ती गेली," मी म्हटलं. "पौषात."

त्या तिथेच ओट्याच्या पायरीवर बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. मला बाईमाणसाशी काय बोलावं कळत नाही. काहीतरी चांगलं दाखवावं म्हणून मी म्हटलं, "या, झाड बघा तुमचं. काल रंगवलं मी."

त्या परसात आल्या. झाड बघितलं. हात चुन्याला लावला आणि बोटांकडे बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी भांडखोर माणूस आहे, भांडणात मला उत्तर सुचतं. त्या एवढंच म्हणाल्या, "खिळे होते ना, आबा?"

"ते मी उपटले. कोणी करणी केली वाटलं."

"मी ठोकले होते. अक्कांना विचारून."

मग त्यांनी सांगितलं आणि मी उभ्या उभ्या ऐकलं. ते चट्टे म्हणजे रोग नव्हता. मसाल्यात आपण दगडफूल टाकतो, त्याच्याच कुळातले ते. एक चट्टा म्हणजे एक जीव नसतो. बुरशी आणि शेवाळ मिळून संसार करतात. बुरशी घर बांधते, शेवाळ उन्हात अन्न बनवतं, दोघं खातात. आत तिसरंही कोणी राहतं, एक प्रकारचं खमीर, आणि हे शिकलेल्या लोकांनाही अलीकडेच कळलं. डोळ्यांना एकच दिसणारं दगडफूल आत तपासलं तर वेगवेगळ्या जातींचं निघतं. अजून कितीतरी जातींना नावंच नाहीत. हवेत धूर वाढला की त्यातली नाजूक जात आधी मरते. मॅडम धुळ्यापासून हायवेच्या कडेची झाडं बघत होत्या आणि त्यांच्याशी ताडून बघायला धुरापासून लांबचं एक झाड पाहिजे होतं. ते हे. एका वर्षात चट्टा नखाच्या कडेइतकाही वाढत नाही, म्हणून तोच चौकोन पुन्हा पुन्हा बघायचा असतो; खिळे त्याच्या खुणेचे.

"म्हणजे तुमचं सगळं गेलं," मी म्हटलं.

"या झाडाचं गेलं."

"दुसरं झाड मिळंल की. डोंगरात ढीग पडलेत."

"मिळेल. पण मागची वर्षं नाही मिळणार."

मी मान खाली घातली. पायावर चुन्याचे थेंब वाळले होते, ते बघत बसलो.

हे सगळं मला नवीन नव्हतं, यात खरी नाचक्की आहे. ऐकता ऐकता आठवत गेलं. मॅडम पहिल्यांदा येऊन गेल्या त्या संध्याकाळी बायकोने भाकरी थापता थापता मला हेच सांगितलं होतं. "हाई ते आपलासारखंच शे," ती म्हणाली होती, "एक घर बांधस, एक रांधस." आणि आत तिसरंही कोणी असतं म्हटल्यावर तिने मॅडमला विचारलं होतं, "तिसरं कोन? सासूच व्हई ती." हे सांगून ती स्वतःच हसली होती. मी ताटात बघून जेवत होतो. मी म्हटलं होतं, मीठ कमी आहे.

आणि झाडाजवळ गेलो की ती ओरडायची, "तठे हात लावानं काम नही, म्याडमनं शे ते." मला वाटायचं, बाईचं खूळ. पूर्वी दर दिवाळीला आंब्याच्या बुडाला हातभर चुना लावायचं काम तिचं. ते तिने बंद केलं, तेव्हा मी चार माणसांत म्हणालो होतो की म्हातारी आता आळशी झाली. तिने ऐकलं. मॅडम आता म्हणाल्या, "पहिल्या वर्षी दिवाळीत मला फोन केला होता अक्कांनी. चुना लावू की नको विचारायला. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, लोक नावं ठेवतील, ठेवू देत."

ते लोक म्हणजे मी.

मॅडम खोडाभोवती फिरत होत्या. मी म्हटलं, "तिकडून गोठा आहे, काही नाही तिकडे." त्यांनी ओढणी कमरेला खोचली आणि भिंतीच्या फटीत आडव्या शिरल्या. मला नुसता त्यांचा एक पाय दिसत होता. खूप वेळ. गाय दावणीवरून मान वळवून बघत होती. मग आतून आवाज आला.

"आबा, इथे नाही लावला तुम्ही?"

"नाही."

"का?"

आता काय सांगावं. "कंबर दुखत होती," मी म्हटलं. "आणि वाटलं, कोणाला दिसतंय."

मग त्या हसल्या. पहिल्यांदाच. "एक चौकोन आहे, आबा. खिळ्यासकट."

त्या बाहेर आल्या तेव्हा केसांत कोळ्याची जाळी होती. मी म्हटलं, "एकावर तुमचं काम भागंल का? उगाच समजूत घालू नका माझी."

"नाही घालत. नाही भागणार. एकावरून काही सांगता येत नाही. पण तो दर वर्षी बघेन मी. आणि त्याच्यावर चुन्याचा ओघळ जाऊ देऊ नका, त्यातला मोरचूद बुरशी मारतो."

घरात मॅडमला द्यायला काही नव्हतं. चहासुद्धा मी पातळ केला. तो पिऊन त्या गेल्या. जाताना बायकोच्या फोटोसमोर थांबल्या, मी मुद्दाम गोठ्यात गेलो.

दुपारी मी बोरीच्या काट्या तोडून आणल्या आणि त्या फटीत कोंबल्या. शेळी नको, पोरं नकोत, कोणी नको. हात सोलून निघाले. काम झाल्यावर जरा बरं वाटलं.

अखाजीच्या आदल्या दिवशी लेक आली. पोरांना घेऊन सरळ परसात झोका बघायला गेली. आधी तिला पांढरं खोड दिसलं, मग फटीतल्या काट्या.

"आबा, हाई काय करं?"

मी सांगितलं. चुन्याचं, खिळ्यांचं, मॅडमचं, सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मंग काट्या कसाले कोंब्यात? त्याले ऊन नको का? उनवर तर जगस ते."

"तुला काय माहीत?"

"मायनी सांगेल व्हतं ना. फोनवर. घर कोन बांधस, रांधस कोन, बठ्ठं." तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "आबा, इतलं मनले लाई नका लेवू. झाडच शे ना."

शिंदखेड्याला बसलेल्या लेकीला माहीत, धुळ्याच्या मॅडमला माहीत. चुलीपुढे समोर बसलेल्या माणसाला तेवढं माहीत नाही. आणि त्याला तर सगळ्यांच्या आधी सांगितलं होतं.

काट्या मी एकेक करून काढल्या. लेक म्हणाली मी काढते, पण तिला हात लावू दिला नाही. झोकाही आंब्याला बांधला नाही, पलीकडच्या निंबाला बांधला. नातीने कुरकुर केली की निंबाची फांदी ठेंगणी आहे, पाय घासतात. घासू देत म्हटलं.

अखाजीला घागर भरली. वर खरबूज ठेवलं, आंब्याचा रस, सांजोऱ्या ठेवल्या. निखाऱ्यावर तूप सोडून गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं असतं. भाऊबंद मागे उभे होते. मी तिचं नाव घेतलं. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तिला नावाने हाक मारली नव्हती, त्यामुळे ते नीट आलंही नाही. मग मी हळू आवाजात म्हटलं, एक राहिलाय, गोठ्याकडचा.

चुलतभावाने खांद्यावर हात ठेवला. त्याला वाटलं मी रडत बोलतोय म्हणून शब्द कळेनात. "पिऊ दे तिला पाणी," तो म्हणाला, "सरक आता."

मी सरकलो. संध्याकाळी माणसं पांगल्यावर बाज उचलून गोठ्याच्या तोंडाशी टाकली. तिथून ती फट दिसते. आडवं ऊन आत येत होतं आणि त्यात तो चट्टा दिसत होता, राखाडी, कडेला हिरवट. एवढ्या जवळून मी तो पहिल्यांदाच बघत होतो. कोण घर बांधतं आणि कोण रांधतं ते डोळ्यांना काही कळत नाही. त्यासाठी कोणीतरी सांगावं लागतं, आणि मीठ कमी आहे असं न म्हणता ऐकावं लागतं.