जावेदचा जुना डबा कसा पळाला

दुकानात धूळ आणि किस्से, दोन्ही रोज झाडले तरी दुसऱ्या दिवशी तेवढेच साचतात. माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान जाफराबादच्या स्टँडजवळ. प्रिंट काढायला आलेला माणूस जीप भरेपर्यंत बसतो आणि जाताना एखादा किस्सा सोडून जातो. पण आम्ही जावेदचा डबा पळवला, त्याची सर कशालाच नाही!

जावेद लग्नाचे व्हिडिओ करतो. त्याचा डेस्कटॉप इतका जुना, की व्हिडिओ तयार व्हायला लावून जावेद जेवायचा, झोपायचा, अंघोळ करून यायचा. तरी डब्याचं आपलं चालूच! आणि ऐन उन्हाळ्यात एक लग्न आलं. व्हिडिओ त्याच संध्याकाळी रिसेप्शनच्या पडद्यावर हवा होता. मुलीकडून जावेद, मुलाकडून शहरातला एक व्हिडिओवाला. दोन्ही पक्ष आपापला कॅमेरा आणतात, ही आमच्याकडची रीतच आहे. ज्याचा आधी तयार, त्याचा पडद्यावर लागणार. मुलीचे वडील जावेदला म्हणाले, "तुझ्या भरवशावर व्याह्यांपुढं बोलून बसलोय, बाबा." हा व्हिडिओ चुकला असता तर तालुक्यात त्याला पुन्हा कुणी बोलावलं नसतं.

नवं मशीन परवडणारं नव्हतं. म्हणून ओव्हरक्लॉकिंग करायचं ठरलं, म्हणजे प्रोसेसरला कंपनीनं ठरवलेल्या स्पीडच्या पुढे पळवायचं. जावेदच्या प्रोसेसरमध्ये सुदैवानं ती सोय होती.

"म्हंजी बैलाला पराणी टोचायची!" बप्पा म्हणाला. बप्पा केदारखेड्याचा, शेती सांभाळून कॉम्प्युटरवर गेम खेळणारा गडी.

गावात कॉम्प्युटर क्लास घेणाऱ्या सुनंदा मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "टोचायचं न्हाई. एक पायरी वाढवायची, टेस्ट लावायची, टेम्परेचर बघायचं. मंगच पुढची पायरी. बैल जिता पाहिजे मला!"

*

बप्पाला टेम्परेचरचा धडा आधीच मिळालेला होता. गरमीनं प्रोसेसर खराब होतो, हे त्यानं कुठंतरी ऐकलं आणि घरचा डबा झाकण काढून थेट पाण्याच्या कुलरपुढं ठेवला. काही दिवसांनी तो काखेत घेऊन दुकानात हजर!

"हात लावून बघा, बरफावाणी थंड हाये. तरी बंद पडला!"

मी आत पाहिलं. कुलरची ओली हवा खाऊन सगळा बोर्ड घामेजलेला, स्क्रू गंजलेले. मॅडम शेजारीच होत्या. म्हणाल्या, "बप्पा, पेरून टाका आता. ओल चांगली झालीय!"

*

जावेदच्या डब्यातली धूळ काढली, मोठा पंखा बसवला. प्रोसेसरवर गार ठेवणारी पेस्ट लावायची होती. मॅडमनी बजावलं, "तांदळाच्या दाण्याएवढी." जावेदनं अख्खी ट्यूब पिळली! चारही बाजूंनी पेस्ट बाहेर.

"मॅडम, जादा लगाया तो जादा ठंडा रहेगा ना?"

"अरे, दाणा सांगितला होता. तू पोतं ओतलंस!"

सगळं पुसून पुन्हा लावलं.

*

एकदा मी चहा सांगायला बाहेर गेलो. परत येतो तर डबा गप्प. बप्पानं सेटिंगमध्ये जाऊन व्होल्टेज वाढवलेलं! मशीन तापून आपणहून बंद झालं, म्हणून वाचलं.

"कशाला हात लावला, बप्पा?"

"विहिरीवरची मोटर कमी व्होल्टेजनं जळती. म्हनलं, ही बी जळायची!"

"इथं उलटं असतं," मॅडम म्हणाल्या. "जास्तीनं जळतं. तुम्ही कीबोर्डपासून एक बांध सोडून बसा!"

*

पायरी पायरीनं स्पीड चढत गेला. वरच्या पायरीला टेस्टमध्ये डबा लटकला. मॅडमनी त्याला एक पायरी खाली आणलं आणि पुन्हा टेस्ट लावली. जावेदचं तोंड उतरलं. "बस, इतना ही?"

"टेस्टमध्ये लटकला तर आपण चौघं हसू. लग्नात लटकला तर नवरीचा बाप हसंल का?"



*

लग्नाच्या दिवशी ऊन असं, की मंडपाचे खांब हाताला चटके देत होते. शहरवाल्याचा नवाकोरा लॅपटॉप तापला आणि रांगायला लागला. इकडे कार्यालयातल्या खोलीत जावेदचा डबा, पंखा गरगरतोय, मॅडमची नजर टेम्परेचरवर आणि जावेद ओठातल्या ओठात दुआ पुटपुटतोय.

आणि झाला! पाहुणे खुर्च्यांवर टेकायच्या आत पूर्ण तयार! पडद्यावर नवरी हसली, टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलीच्या वडिलांनी जावेदला मिठी मारली आणि व्याह्यांकडे वळून म्हणाले, "बोललो होतो की न्हाई!" जावेद तर रडायलाच लागला. मलाही राहवलं नाही.

तेवढ्यात बप्पा कुठं दिसेना. पाहतो तर तो मंडपाच्या कोपऱ्यात. घायकुतीला आलेल्या शहरवाल्यानं लॅपटॉप स्टुलावर ठेवून स्टूल थेट पाण्याच्या मोठ्या कुलरपुढं सरकवलं होतं. बप्पानं ते लॅपटॉपसकट अलगद उचललं आणि बाजूला नेऊन ठेवलं.

"अहो, काय करताय?" शहरवाला ओरडला.

बप्पानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"भाऊ, बियाणं आणलंय का? न्हाई ना? मंग कशाला ओल करून राह्यले!"