आईंनी बदललेलं वाक्य

आई गेल्या हे मी सगळ्यात आधी मंगलला कळवलं. पुण्याला माझ्या नणंदेला, नागपूरच्या मामांना, मराठी मंडळातल्या लोकांना, सगळ्यांना नंतर. दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून मी मंगलचा नंबर लावला तेव्हा नवरा म्हणाला, "आधी ताईला सांग ना." मी फोन तसाच कानाला धरला. आईंनीच तसं सांगून ठेवलं होतं. "ती परकी आहे म्हणून तिला शेवटी कळायला नको," एवढंच म्हणाल्या होत्या. फोनवर मंगलच्या गल्लीतल्या सायकल रिक्षांचा आवाज ऐकू येत राहिला...

कुमुद सबनीस, माझ्या सासूबाई. सासरे रेल्वेत अधिकारी होते, त्यामुळे लग्नानंतर लवकरच त्या कोलकात्यात आल्या. गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरमध्ये त्यांचा संसार झाला, आणि निवृत्तीनंतर शहरातच बेहाला भागात आम्ही आता राहतो तो फ्लॅट घेतला. शेजारणींशी बोलून बोलून त्या इतकं छान बंगाली शिकल्या की मासळीवाला त्यांना इथल्याच समजायचा. मराठी मंडळात कुणाला भाडेकरार समजून घ्यायचा असो, शाळेत जायचं असो, आईंना बोलावणं यायचं. त्यांनाही ते आवडायचं. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने बोलणं ही त्यांची हौस होती आणि अभिमानही.

मंगल अशीच त्यांच्याकडे आली. तिचा नवरा तानाजी सांगली जिल्ह्यातला. त्या भागातली बरीच माणसं सोनं-चांदी गाळायच्या कामाला देशभर जातात, त्याला गलाई म्हणतात. जुन्या दागिन्यांतलं सोनं अ‍ॅसिडमध्ये शुद्ध करायचं, दिवसभर त्या पिवळ्या धुरात बसायचं. तानाजी ज्या गलाईच्या दुकानात कामाला होता, त्याच्याच माळ्यावर राहून मंगल कामगारांचा स्वयंपाक करायची. तिला बंगाली कळायचं, बोलता यायचं नाही. दुकान जयसिंगरावांचं. तेही तिकडचेच, आमच्या मंडळाच्या गणपतीचे मोठे आधार. सासऱ्यांच्या शेवटच्या आजारात गाडी घेऊन रात्रंदिवस धावले होते ते हेच.

त्या सुमारास विधानसभेच्या उद्योग, व्यापार आणि कामगार बघणाऱ्या समितीने शहरातल्या छोट्या कारखान्यांचा विषय हाती घेतला. मालकांना बोलावलं, कामगारांनाही बोलावलं. कामगारांमध्ये काम करणाऱ्या एका संस्थेने मंगलचं नाव दिलं, कारण तानाजी खोकल्याने वाकला होता आणि बोलायला दुसरं कुणी तयार नव्हतं. तिचं म्हणणं बंगालीत सांगायला आई गेल्या. मी सुट्टी काढून सोबतीला.

एस्प्लनेडच्या बसथांब्यापासून आम्ही विधानसभेपर्यंत चालत गेलो. समितीची खोली थंड, लांबलचक टेबल, आमदार मंडळी चहा घेत बसलेली. मागच्या रांगेत मालक लोक, त्यात जयसिंगराव. आईंना बघून त्यांनी उठून नमस्कार केला. मंगलची वेळ आली तेव्हा ती पदर खोचूनच उभी राहिली. "आमची माणसं खोकून खोकून मरायला लागलीत," ती म्हणाली. "मालकाला दिसतंय. तरी खिडकी उघडू देत न्हाईत, शेजारी तक्रार करतील म्हणून. तुमी एक दिवस तिथं येऊन बसा आन् मग बोला."

आईंनी तोंड उघडलं. मी त्यांच्या शेजारीच होते. त्यांनी एकदा मागे पाहिलं आणि म्हणाल्या, कारखान्यात धूर होतो, हवा खेळती राहिली तर बरं, अशी या बाईंची विनंती आहे... अध्यक्षांनी मान हलवली, विनंती लिहून घेतली आणि पुढचं नाव पुकारलं.

बसमध्ये मंगल खिडकीतून बाहेर बघत होती. बेहाला जवळ आल्यावर म्हणाली, "काकू, मी काय इनंती केली नव्हती."

आई घरी येऊन साडीसुद्धा न बदलता पलंगावर बसून राहिल्या. मी ताट वाढलं तर म्हणाल्या, "वृंदा, मला लाज वाटते गं. तिच्या तोंडातला शब्द मी काढून घेतला, आणि तिला ते कळत होतं." मी म्हटलं, जयसिंगरावांचे उपकार होते म्हणून झालं असेल. "उपकार माझ्यावर होते," त्या म्हणाल्या. "फेडायला मी तिचा नवरा दिला."

पुढच्या बैठकीसाठी त्यांनी समितीच्या कार्यालयात स्वतः फोन केले, पुन्हा बोलायची परवानगी मिळवली. पण ती बैठक व्हायला काही आठवडे गेले, आणि त्या आठवड्यांत तानाजी रोज कामावर जातच होता. एका दुपारी दुकानातच कोसळला. आधी थांबला असता तर फुप्फुसं वाचली असती का, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. आईंनी मात्र ते धरून ठेवलं.

बैठकीत त्या उभ्या राहिल्या आणि बंगालीतच म्हणाल्या, "मागच्या वेळी मी यांचं बोलणं पातळ करून सांगितलं. आज जसंच्या तसं सांगते." अध्यक्षांनी चष्मा काढून विचारलं, का केलंत तसं? "मालक आमच्या घरच्यासारखे आहेत म्हणून," आई म्हणाल्या, आणि मग मंगलचं प्रत्येक वाक्य सांगितलं. बोलताना त्यांची मान खाली होती.

समिती खरंच दुकानात जाऊन बसली. धुराडं आलं, खिडक्या उघडल्या, तानाजीच्या उपचाराचा भार मालकाने घ्यायचं ठरलं. शेजारच्या गल्लीतल्या दुकानांत मात्र आजही तसंच आहे. समिती शिफारस करते, पुढचं पुढचे लोक बघतात. जयसिंगरावांना दुखावलं म्हणून मंडळाने आईंना बोलावणं बंद केलं. कुणी त्यांच्या धीराचं कौतुक केलं तर त्यांचा चेहरा उतरायचा. "धीर पहिल्या दिवशी हवा होता," म्हणायच्या. त्या गेल्यावर जयसिंगराव आले. फोटोसमोर हात जोडून उभे राहिले, बसले नाहीत.

तानाजीला नियमित तपासणीला न्यावं लागतं. शेवटपर्यंत आईच मंगलबरोबर जायच्या. गेल्या आठवड्यात मी गेले. मंगलने सांगितलं, जिना चढताना ते आता निम्म्यातच बसतात, आणि आपण बरे होणार नाही हे त्यांना कळलंय. मी डॉक्टरांना बंगालीत सांगितलं. डॉक्टर लिहायला लागले, तरी मंगल माझ्याकडेच बघत राहिली. मला वाटलं तिला अजून काही सांगायचं आहे. मग ती हळूच म्हणाली, "काकू परत सांगायच्या." मला कळेना. "डॉक्टरांना काय सांगितलं ते मला मराठीत परत सांगायच्या. दर वेळी. मी हो म्हटल्यावरच पुढं जायच्या."

मी डॉक्टरांना थांबवलं, तिच्याकडे वळले आणि काय सांगितलं ते शब्दाला शब्द सांगितलं. तिने नीट ऐकलं, आणि मग हो म्हणाली.