आप्पाजींच्या अंगणातलं श्रोतामंडळ

तानूबाई मूळची निपाणीकडची. नवरा गुंडू हा के. आर. पुरम गावाजवळच्या कारखान्यात फिटर होता, म्हणून लग्नानंतर ती होसकोट्याच्या वाटेवरच्या हुणसेकट्टे गावात राहायला आली. दोन म्हशी, त्यांचं वैरणपाणी, सकाळ-संध्याकाळ दुधाचे रतीब. चाळिशीतच तिचे गुडघे धरले होते. कन्नड ती इथंच शिकली आणि गावानं तिला तानूअक्का करून टाकलं.

१९६० च्या सुमाराला पंचायतीला सरकारकडून रेडिओ मिळाला. बॅटरीवर चालायचा. चावडीत फळीवर तो ठेवला आणि शाळेचे हयवदन मास्तर श्रोतामंडळाचे चिटणीस झाले. संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर बोलायचं, काही विचारायचं असेल तर मास्तर ते आकाशवाणीला लिहून पाठवायचे. पुरुष आत बसत, बायका बाहेर भिंतीला टेकून. तानूअक्का तिथं जायची ती खरं म्हणजे टेकायला मिळतं म्हणून.

एकदा बोलणं पाण्यावर आलं. वरच्या आळीची विहीर उन्हाळ्यात आटायची आणि खालच्या केरीतल्या, म्हणजे दलित वस्तीतल्या, बायकांना तर विहिरीवर येऊच देत नसत. त्या तळ्यातलं गढूळ पाणी न्यायच्या. आत खतांची चर्चा चालली होती. तानूअक्का बसल्या जागेवरून म्हणाली, "मास्तर, खालच्या केरीला विहीर कुणी द्यायची, ते विचारा की."

मास्तरांनी विचारलं. काही आठवड्यांनी रेडिओवर हुणसेकट्ट्याचं नाव आलं. पंचायतीनं बैठक घेऊन ठराव करावा आणि तालुक्याला पाठवावा, असं उत्तर होतं. बैठक कित्येक महिन्यांत झालेली नाही, हे चावडीत प्रत्येकाला माहीत होतं.

पंचायतीचे अध्यक्ष आप्पाजी यांनी त्याच आठवड्यात रेडिओ आपल्या घरी नेला. चावडी गळते, यंत्र खराब होईल, असं कारण दिलं. पुरुष थोडे दिवस त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले, मग जाईनासे झाले. केरीतल्या लोकांना ओसरी चढायची मुभाच नव्हती. मास्तरांना बदलीची भीती होती, म्हणून तेही मध्ये पडले नाहीत.

"तुला काय पडलंय त्याचं?" गुंडूनं विचारलं.

"मला काही पडलेलं नाही," ती म्हणाली. "पण रेडिओ गावाला दिलाय."

दुसऱ्या दिवशी दूध घालून ती आप्पाजींच्या अंगणात जाऊन बसली. सोबत शेजारची चंपा आणि केरीतली चौडम्मा. आतून रेडिओ पुसट ऐकू येत होता. आप्पाजींची बायको रत्नाबाई दारात आली.

"आत या की अक्का. मातीत का बसता?"

"आम्ही दोघी येऊ. चौडम्मानं यायचं का?"

रत्नाबाईनं आत जाऊन खिडकी उघडली आणि आवाज मोठा केला.

असे पुष्कळ दिवस गेले. बायका वाढल्या. मग एका संध्याकाळी आतून काहीच आवाज आला नाही. आप्पाजी ओसरीवर येऊन म्हणाले, "बॅटरी संपली. आता घरी जा."

कुणी उठलं नाही. तानूअक्काला उठवतच नव्हतं, हेही खरं. ती चौडम्माला म्हणाली, "रेडिओ नाही तर नाही. तू सांग, आज पाणी कुठून आणलंस?" चौडम्मानं सांगितलं. मुलाला हगवण लागली होती, तेही सांगितलं. मग दुसरी बोलली, मग तिसरी. आप्पाजींचा चहा आला तेव्हाही त्या बोलतच होत्या. ते आत गेले तरी खिडकीतून सगळं ऐकू जात होतं. पाहुणे आले, त्यांनीही ऐकलं.

अंगण रोज भरू लागलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. पाण्याचं बोलणं तेवढं चालायचं. शेवटी एके सकाळी आप्पाजींच्या गड्यानं रेडिओ चावडीत आणून ठेवला. रत्नाबाईनं घरात काय म्हटलं, ते कधी कळलं नाही. पण बैठकीची दवंडीही त्याच आठवड्यात पिटली गेली.

ठराव झाला म्हणून काही लगेच विहीर झाली नाही. पुढच्या निवडणुकीत बायकांच्या जागेवर लोकांनी तानूअक्कालाच बसवलं आणि मग तालुक्याच्या खेपा सुरू झाल्या. होसकोट्याची बस, कचेरीबाहेरचा बाक. "साहेब नाहीत, उद्या या." ती घरी यायची, म्हशींना पाणी दाखवायची, दुसऱ्या दिवशी परत जायची. कंटाळा आला तरी रडायलाही तिला वेळ नव्हता. विहिरीला पाणी लागलं तोवर मास्तरांची बदली झाली होती, श्रोतामंडळ मोडलं होतं आणि ज्याच्या त्याच्या घरी ट्रान्झिस्टर आला होता. केरीतल्या बायकांनी पहिल्या पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला. तिनं तो उभ्याउभ्याच पिऊन टाकला.

पुन्हा निवडणूक आली तेव्हा चौडम्मा घरी आली. "अक्का, तूच उभी राहा."

"मला आता होत नाही ग. तू राहा."

"माझं कोण ऐकणार?"

"माझं तरी कुठं ऐकत होते. बसून राहावं लागतं, एवढंच."

चौडम्मा राखीव जागेवर निवडून आली. पहिल्या बैठकीनंतर ती सरळ तानूअक्काकडे आली आणि उंबऱ्याशी बसली. तानूअक्कानं तिला आत ओढून चटईवर बसवलं.

"दाराशी बसवलं मला," चौडम्मा म्हणाली. "केरीत दिवा हवा म्हणून मी बोलले. कुणी वर बघितलंसुद्धा नाही."

"सरी, बरं," तानूअक्का म्हणाली. "पुढच्या बैठकीत परत बोल."

मग चुलीवर चहाचं आधण ठेवून ती भिंतीला पाठ लावून बसली आणि पाय लांब केले.