धरणाच्या गळतीला गोमुख

डोकं फिरलंय, म्हणून आत्ताच लिहितोय.

सकाळी शहाद्याजवळच्या आमच्या छोट्या मातीच्या धरणावर गेलो होतो. बोटिंग, सेल्फी, भजी, सगळं जोरात चालू. बांधाच्या पायथ्याशी पाणी पाझरतं, तिथे कुणीतरी चक्क सिमेंटचं गोमुख बसवलंय! लोक त्यातून बाटल्या भरत होते. आज ते पाणी गढूळ होतं. म्हणजे बांधाच्या आतली माती वाहून येतेय, बांध कधीही फुटू शकतो.

मी ओरडलो, तर बाटली भरणाऱ्या मावशी अहिराणीत म्हणाल्या, “भाऊ, गढूय शे, पन तीर्थ शे ना!”

धरणाच्या साहेबांना फोन केला. म्हणाले, “पर्यटकांना आवडतंय, राहू द्या.”

राहू द्या? त्या गोमुखाच्या खालच्या उतारावर माझ्या बहिणीचं घर आहे. तुम्हीच सांगा, तिला काय कळवू? तीर्थ घरी येतंय म्हणून?