वर्षावासातलं ड्रेसिंग

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या वाडीतल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जातो. पावसाळ्याचे महिने भिक्खू एका जागी राहत, त्याला वर्षावास म्हणतात. आमच्याकडे भिक्खू नाहीत, वाचन मात्र चुकत नाही. भातलावणीहून आलेली, कंपनीतून शिफ्ट करून आलेली माणसं पाय धुऊन सतरंजीवर बसतात. एकाने वाचायचं आणि मग काकांनी अर्थ सांगायचा. काका म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष, आणि बौद्धाचार्यही. वाडीतली लग्नं, नामकरणं, शेवटचे विधी, सगळं तेच करतात.

त्या वर्षी वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी निडीहून गाडीने पेणला कॉलेजला जात होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. माझा आवाज लहान आहे. मागून रोज कोणीतरी ओरडायचं, "मोठ्यानं रे! पेणला हळू बोलायला शिकवतात काय?" सगळे हसायचे आणि माझा आवाज आणखी आत जायचा.

एका संध्याकाळी आजारी भिक्खूची गोष्ट आली. पोटाच्या विकाराने तो स्वतःच्याच घाणीत पडला होता. तो कधी कोणाच्या उपयोगी पडला नव्हता, म्हणून बाकीचे त्याच्याकडे फिरकत नव्हते. बुद्धांनी पाणी आणवलं, आपल्या हातांनी त्याला धुतलं आणि उचलून खाटेवर निजवलं. ही गोष्ट वाडीत सगळ्यांना पाठ आहे. मलाही होती. पण त्या दिवशी वाचता वाचता मी थांबलो, कारण विहाराच्या भिंतीपलीकडून कण्हणं ऐकू येत होतं.

पलीकडे आजीचं घर. माझी सख्खी नव्हे, वाडीची आजी. नवरा केव्हाच गेलेला, एकुलती मुलगी रोह्याला दिलेली, तिच्या मांडीवर तान्हं मूल. ती रविवारी तेवढी यायची. विहार बांधताना मंडळाने आजीच्या अंगणाची एक पट्टी मागितली होती, ओटा वाढवायला. आजीने दिली नाही. तिथे तिची भाजी होती. भर बैठकीत तिने मंडळाची जी उतरवली, ती आजही लोक शब्दन्‌शब्द सांगतात. तेव्हापासून ती विहारात येत नव्हती आणि तिच्याकडे कोणी जात नव्हतं. वाळीत टाकलं नव्हतं. म्हणजे तसं कोणी म्हणालं नव्हतं.

लावणीत तिच्या पायात काहीतरी घुसलं. साखरेच्या दुखण्याने तळव्याची जाण गेलेली, त्यामुळे तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा जखम सडू लागली होती. रोह्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, रोज ड्रेसिंग झालं पाहिजे आणि पाय जमिनीला टेकता कामा नये, नाहीतर पाय कापावा लागेल. उपकेंद्र दूर, वाट चिखलाची. पाय न टेकता ती तिथे रोज जाणार कशी, आणि घरी करणार कोण? हे सगळ्या वाडीला माहीत होतं.

मी ग्रंथ मिटला नाही. फक्त म्हणालो, "काका, पलीकडच्या आजीचं ड्रेसिंग कोणीतरी करायला पायजे. आपल्यातल्या."

एकदम सगळेच बोलले.

"पट्टी मागितली तेव्हा कशी बोलली ती, तू पाळण्यात होतास."

"मुलगी हाय ना तिला? जावई हाय."

"गेलो तर हाकलून देईल. जाऊन बग."

काकांनी हात वर केला. काका वाईट माणूस नाहीत. त्यांना कोणालाच दुखवायचं नसतं, हीच त्यांची अडचण. म्हणाले, "पोरगा बोलतोय ते करुणेचंच बोलतोय. आपण असं करू. उद्या वंदनेनंतर तिच्यासाठी मंगल कामना करू. सगळ्यांनी मिळून. माईकवर." लोकांना ते पटलं. कोणालाही उठून कुठे जावं लागणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्रिशरण-पंचशील झालं आणि काकांनी माईकवर आजीचं पूर्ण नाव घेतलं, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. विहारावरच्या भोंग्यातून ते शेतापर्यंत गेलं. आता आमच्याकडे भोंग्यावर बाईमाणसाचं असं पूर्ण नाव घेऊन वंदना होते ती एकाच वेळी, माणूस गेल्यावर, पुण्यानुमोदनाला. हे काकांच्या ध्यानात आलं नाही, आमच्याही नाही. पलीकडे खाटेवर पडलेल्या आजीच्या मात्र बरोबर आलं.

"अरे मेल्यांनो!" भिंतीपलीकडून आवाज आला. "जिती हाय मी! जितीला पोचवताय व्हय रे?"

काकांनी घाईने माईक बंद करायला हात घातला आणि भोंगा किंचाळला. लहान पोरं हसून लोळायला लागली. तेवढ्यात वाडीच्या खालच्या अंगाची एक म्हातारी भिजत, पदराने डोळे पुसत धावत आली. "कधी गेली गो? सकाळी तर धूर दिसत होता घरातनं!" मग मोठ्यांनाही हसू आवरलं नाही. मीसुद्धा हसलो. पण पलीकडची शिवीगाळ हळूहळू रडण्यात गेली, ते सगळ्यांनी ऐकलं. वाचन त्या दिवशी झालंच नाही.

सकाळी मी आजीच्या दारात उभा राहिलो. रात्रभर जुळवलेलं बोलणं विसरलो होतो.

"कोन? मंडळाचा काय?"

"नाय. मी. ड्रेसिंग करायला आलोय."

"तुला येतं?"

"नाय."

ती हसली, की खोकली, कोण जाणे. "मग काय मयताचा सराव करायला आलास?"

मी आत गेलो. पायाला गुंडाळलेलं फडकं तिने स्वतःच सोडलं. वास आला. मी दाराकडे तोंड केलं.

"येतो ना वास? बोल की. मला पन येतो," ती म्हणाली. "जा घरी. शिकलेला पोरगा तू. तुझं काम नाय हे."

मी बाहेर जाऊन उलटी केली, नळावर चूळ भरली आणि परत आत आलो. त्यात काही मोठेपणा नव्हता. तसाच घरी गेलो असतो तर संध्याकाळी तो ग्रंथ हातात धरता आला नसता, एवढंच मला दिसत होतं.

त्या दिवशी कॉलेजला न जाता मी उपकेंद्रात गेलो. तिथल्या सिस्टरांना मला काय हवंय ते समजावता समजावता मी तीनदा अडखळलो. त्या म्हणाल्या, "घाबरतोस?" मी मान हलवली. "बरं हाय. घाबरणारा हात स्वच्छ ठेवतो." त्या माझ्याबरोबर आजीच्या घरी आल्या आणि एकदा सगळं करून दाखवलं. हात कसे धुवायचे, सलाईनने जखम कुठून कुठे धुवायची, गॉज कसा ठेवायचा, पट्टी किती सैल. पांढरं-पिवळं काय आणि काळं काय. अंगठा काळा पडायला लागला होता. त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हे वर सरकलं, तर लगेच रोहा. माझी वाट बघायची नाय."

तेव्हापासून सकाळची गाडी पकडायच्या आधी मी आजीकडे जाऊ लागलो. रविवारी मुलगी करायची. आजी गप्प बसणाऱ्यातली नव्हती. पट्टी आवळली की, "माझा पाय हाय तो, भारा बांधतोस काय?" सैल झाली की, "ही तुझ्या कॉलेजापर्यंत फरफटत येईल." पाय टेकायचा नाही हे तिला पटवणं सगळ्यात कठीण. मी पाठ वळवली की ती भाजीला पाणी घालायला खाटेवरून उतरायची. एकदा तळव्याला ओली माती दिसली. मी भांडलो. आयुष्यात पहिल्यांदा कोणा मोठ्या माणसावर ओरडलो असेन. "आवाज हाय की तुला," ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून भाजीला पाणी मी घातलं.

वाडीत नाव पडलं. कट्ट्यावर बसलेले म्हणायचे, "आले, आले, डॉक्टरसाहेब आले. आमचं पन नख दुखतंय, बगता काय?" मी मान खाली घालून पुढे जायचो. उत्तर सुचायचं ते गाडीत, नागोठणं गेल्यावर.

आईला हे मुळीच आवडलं नव्हतं. "पायाची पट्टी तू बांधशील. तिच्या तोंडाची कोन बांधनार?" ती म्हणायची. आईलाही ती कधीतरी काही बोलली होती. काय, ते आईने मला कधी सांगितलं नाही. पण माझे कपडे ती वेगळे, गरम पाण्यात धुवायची.

श्रावण सरला तशी कडेची जखम लाल दिसू लागली. सिस्टर म्हणाल्या, लाल चांगलं. एके संध्याकाळी वाचन संपल्यावर काकांनी मला ओट्यावर थांबवलं.

"बाळा, तुझं काम सगळे बघतायत. मंडळातर्फे पाळ्या लावून देतो, रोज एक घर. तुला एकट्याला कशाला?" मला इतका आनंद झाला की मी त्यांचा हात धरला. मग ते म्हणाले, "फक्त तिच्या कानावर घाल. अंगणाचं. आता ती तुझं ऐकते."

विहार लहान पडतो हे खरं होतं. बुद्धपौर्णिमेला माणसं बाहेर चिखलात उभी राहतात, हेही खरं होतं. आणि सकाळी मी एकटा पुरत नव्हतो. गाडी चुकून चुकून माझी हजेरी कमी झाली होती, सहामाही परीक्षा तोंडावर होती.

"नाय काका," मी म्हणालो. "तिचा पाय माझ्या हातात असतो तेव्हा. तेव्हा मी तिच्याकडे काय मागू?"

"अरे, स्वतःसाठी कुठे मागतोयस? विहारासाठी."

"तरी नाय."

काका रागावले नाहीत. बराच वेळ छत्रीचं बटण लावत-काढत राहिले आणि निघून गेले. पाळ्या लागल्या नाहीत.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात मी विहारात वाचन संपवलं आणि उभा राहिलो. म्हणालो, "माझे पेपर सकाळचे आहेत. तेवढे दिवस आजीचं ड्रेसिंग कोणीतरी करावं. मी शिकवीन. तिला कोणीही अंगणाचं विचारायचं नाही. जमत असेल त्याने सांगा." मागून कोणी 'मोठ्यानं' म्हणालं नाही. मी खाली बसलो. माणसं उठून चपला शोधायला लागली.

घरी जेवताना आई म्हणाली, "ते हातमोजे माझ्या हाताला येतील काय?"

पहिल्या दिवशी मी दोघींच्या मध्ये उभा होतो. आजी छताकडे बघत होती, आई पायाकडे. आईने पट्टी सोडली, जखम धुतली. तिचा हात माझ्यापेक्षा कितीतरी हलका होता. मग ती थांबली. अंगठ्याचं काळं वर सरकलं होतं, सांध्याच्या पुढे. काल तसं नव्हतं, किंवा मला दिसलं नव्हतं.

पहिला पेपर दुसऱ्या दिवशी होता. आम्ही त्याच सकाळी रिक्षा केली. आजीला मध्ये बसवून तिचा पाय मी मांडीवर घेतला. रोह्यापर्यंत प्रत्येक खड्ड्याला ती शिवी देत होती, आणि आई प्रत्येक शिवीला "गप गो म्हातारे" म्हणत होती.

डॉक्टरांनी खूप वेळ बघितलं. दाबलं, टोचलं, "लागतंय?" विचारलं. पायावर हात ठेवून नाडी पाहिली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. शेवटी म्हणाले, "अंगठा काढावा लागेल. बाकी पाय चांगला भरत आलाय. ड्रेसिंग कोण करतं?"

"हा," आजी म्हणाली.

"नातू?"

"माझा कोन नाय तो. शेजारचा हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला कौतुक नको होतं. अंगठा जाणार, एवढंच डोक्यात घुमत होतं. मी भिंतीकडे वळलो.

"रडतोस कशाला?" आजी खाटेवरून म्हणाली. "पाय म्हनला होता हा बाबा. अंगठ्यावर भागलं." मग डॉक्टरांना, "काढा. पन चालता येईल ना मला?"

"येईल. हळूहळू."

"मग काढा."

रात्री दवाखान्यात तिची मुलगी राहिली. पेपर दिला तेव्हा काय लिहिलं ते मला आठवत नाही. पास झालो, एवढं आठवतं.

आजी घरी आली तेव्हा जखम नवी होती. सिस्टर म्हणाल्या, ही कापलेली आहे, सडलेली नाही. पण साखरेचा पाय आहे, भरायला वेळ लागेल, रोजचं रोज चाललं पाहिजे. माझे पेपर अजून चालू होते. सकाळी स्टेशनला निघालो तेव्हा दाराशी आई आणि खालच्या अंगाची, त्या दिवशी रडत आलेली म्हातारी उभ्या होत्या. आई तिला सांगत होती, "आज तू नुसती बग. उद्या तू करायचं, मी बगेन."

आतून आजी ओरडली, "माझ्या पायावर शिकताय व्हय?"

"मग कोनाच्या शिकू?" आई म्हणाली, आणि दोघी आत गेल्या.