आखणीचा पडदा

वकीलसाहेबांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. ते दोन पावलं मागे सरले आणि मूर्तीकडे बोट दाखवून काकांना म्हणाले, "डोळे पुसा."

मूर्ती त्यांच्या घरच्या गणपतीची. डोळे मी रंगवले होते. रंग अजून ओला होता.

महाल भागातल्या त्या मूर्तीच्या कारखान्यात मी दहाव्या वर्षापासून माती मळत होते. डोळे रंगवायचे म्हणजे आखणी. ते काम फक्त मालकाचं, तेही सगळ्यात शेवटी. मालकांना आम्ही काका म्हणायचो. काकांचा हात कापायला लागला तेव्हा त्यांनी एका कोपऱ्यात पडदा लावला आणि गुपचूप ब्रश माझ्या हातात दिला. दोन वर्षं मी पडद्याआड आखणी केली. गिऱ्हाईकं बाहेर म्हणायची, काकांच्या हातात जादू आहे. मी आत बसून ऐकायचे आणि खुळ्यासारखी खूश व्हायचे. त्या दिवशी वकीलसाहेब वेळेआधीच आले आणि पडदा सरकलेला होता.

वाटलं, काका काहीतरी बोलतील. एखादं वाक्य. त्यांनी रॉकेलचा बोळा घेतला आणि माझे डोळे पुसले. हो, माझेच म्हणते मी. मग थरथरत्या हातानं नवे आखले. एक बुबुळ वर, एक खाली. तिरळा गणपती. वकीलसाहेबांनी त्याला हात जोडले आणि समाधानानं घेऊन गेले.

तिरळे चालले. माझे चालले नाहीत.

काका म्हणाले, "मनावर नको घेऊ पोरी. उद्यापासून पडदा नीट लावत जा."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी ब्रश धुऊन जागेवर ठेवला. म्हटलं, "पडदा तुमचा तुमी लावा काका. मी चालली."

आईला हे काम कधीच पटलं नव्हतं. तिनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी तिच्या कडेवर होते. जे देव सोडले त्यांचेच डोळे रंगवतेस, म्हणायची. मी पोटाचं कारण सांगायचे. आता तेही उरलं नाही. आमच्या वस्तीत घरोघरी बुद्धाची तसबीर होती, मूर्ती एखाद्याच घरी. मी अंगणात टिनाखाली बुद्ध घडवायला बसले. चेहरा झाला. आखणीची वेळ आली. मी उठले, आईचं जुनं लुगडं दोरीवर टाकलं आणि त्याच्या आड जाऊन बसले.

आईनं ते ओढून काढलं. "इथं कोणापासून लपून राहिली वं?"

इथं तर कुणी सांगितलंही नव्हतं. पडदा मीच सोबत घेऊन आले होते. पुसलेल्या डोळ्यांपेक्षा मला त्याची जास्त लाज वाटली. ढसाढसा रडले आणि मग उघड्यावर आखायला बसले.

आज त्याच टिनाखाली वस्तीतल्या अकरा बाया काम करतात. आमचे बुद्ध एसटीनं कामठीला, कन्हानला जातात, बायांच्या मांडीवर बसून. माझ्याकडे नवी पोरगी आली की पहिल्या दिवशी आखणी शिकते, माती मळणं नंतर. आखणी रस्त्याच्या कडेला, भर दुपारी, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत. डोळे कुणी आखले असं कुणी विचारलं, तर ती उठून पूर्ण नाव सांगते, आडनावासकट. आमचा नियमच आहे. आणि ते डोळे पुसायला कुणाचा हात पुढे आला, तर तो मी मनगटात धरीन. सोडणार नाही.